गणित, भौतिकशास्त्र आणि तहसीलदाराचा दाखला

दहावीचा निकाल लागून चार-आठ दिवस झाले असतील नसतील, एके दिवशी दिवेलागणीच्या सुमारास आमच्या गल्लीतील एक मुलगी आईबरोबर घरी आली आणि खुर्चीच्या कडेवर टेकून तिने मला विचारले, "आजोबा, अकरावीला गणित सोडलं तर चालतंय काय?" पुढे काय शिकायचे मनात आहे, असे मी तिला उलट विचारले, तेव्हा ती म्हणाली की मामेभाऊ 'ईएनटीसी' करतो आहे, मोबाईलचे मनोरे, इंटरनेटच्या तारा, एका संगणकाचे दुसऱ्या संगणकाशी बोलणे, हे सगळे त्याच्याकडून ऐकून आपल्यालाही त्यातच पदवी घ्यावीशी वाटते, परंतु मैत्रिणींचे म्हणणे असे की गणित अवघड, त्याऐवजी जीवशास्त्र ठेवले तर टक्केवारी राखता येते आणि बाकीचे बारावीनंतर पाहता येते. तिचा चेहरा इतका निर्धास्त होता की 'चालत नाही' हे दोन शब्द उच्चारताना मलाच जड गेले.

कोल्हापुरात, आणि बहुधा सगळ्याच महाराष्ट्रात, दर वर्षी असेच घडत असते. पदवीची अर्हता मुले वाचतात ती अठराव्या वर्षी, प्रवेशाची माहितीपुस्तिका हातात पडल्यावर. पण त्या अर्हतेचा निकाल त्यांच्या हातून सोळाव्या वर्षीच, अकरावीच्या अर्जावरील विषयांच्या रकान्यात, लागून गेलेला असतो. म्हणून त्या मुलीला जे मी तासभर सांगितले, तेच अधिक तपशिलाने येथे लिहून ठेवीत आहे.

शासनाने ठरविलेली किमान अर्हता सरकारी भाषेत अवघ्या दोन-चार ओळींची आहे. इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार अभियांत्रिकीच्या, म्हणजेच 'ईएनटीसी'च्या, पदवीसाठी उमेदवार बारावी उत्तीर्ण असावा. त्या परीक्षेत भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन विषय त्याने घेतलेले असावेत. तिसरा विषय रसायनशास्त्र, संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, जीवशास्त्र, तांत्रिक व्यवसाय विषय अशा एका नेमून दिलेल्या यादीतील असावा. आणि या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गातील उमेदवारास निदान ४५ टक्के व महाराष्ट्रातील राखीव प्रवर्गातील उमेदवारास निदान ४० टक्के गुण असावेत. त्यावर राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेची, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या 'सीईटी'ची, शर्त आहे. या परीक्षेचे एकंदर गुण २०० असून त्यांपैकी १०० एकट्या गणिताचे आहेत. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांच्या वाट्याला प्रत्येकी ५० येतात. तिन्ही विषयांचे प्रश्न पन्नास-पन्नासच असतात, पण गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला दोन गुण मोजले जातात. तिसरा विषय कोणताही चालत असला तरी सीईटीच्या या गटात रसायनशास्त्र येतेच, तेव्हा ते टाळून कोणाचा लाभ होत नाही. साधारण एकपंचमांश प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात, ही गोष्ट अकरावीचे वर्ष विश्रांतीचे समजणाऱ्यांनी ध्यानात धरावी. चुकलेल्या उत्तराचे गुण मात्र कापले जात नाहीत.

निकाल टक्क्यांत न येता 'पर्सेंटाइल'मध्ये येतो आणि त्याने कितीतरी घरांत गैरसमज होतो. नव्वद पर्सेंटाइल म्हणजे शंभरांपैकी नव्वद गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्या दर शंभर जणांपैकी नव्वद जण तुमच्याबरोबर किंवा तुमच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. विनाअनुदानित खाजगी महाविद्यालयांत शेकडा १५ जागा अखिल भारतीय पातळीवर, मुख्यतः जेईई मेनच्या गुणांवर, भरल्या जातात; पण कोल्हापूर-सांगलीच्या मुलांचा खरा राजमार्ग सीईटीचाच.

नियम सांगून मी थांबलो असतो, तर ती मुलगी हिरमुसली होऊन परत गेली असती, कारण नियमाने माणूस अडतो, पटत नाही. गणित आणि भौतिकशास्त्र या दोघांनाच 'अनिवार्य' का म्हटले, याचे उत्तर कोणत्याही माहितीपुस्तिकेत नसते, आणि माझ्या मते हाच या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे.

आपण दूरध्वनीवर बोलतो तेव्हा आवाजाची जी लाट उठते, ती कागदावर काढून पाहिली तर वेड्यावाकड्या डोंगररांगेसारखी दिसते. या रांगेचे काय करायचे, हे फूरिए नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने दाखवून दिले, आणि तेही दूरध्वनीचा जन्म होण्याच्या अर्धशतक आधी, १८२२ साली प्रसिद्ध झालेल्या उष्णतेवरील ग्रंथात: कितीही ओबडधोबड लाट असली, तरी ती अनेक साध्या, नितळ ज्या-लहरींची बेरीज म्हणून मांडता येते. लोखंडाच्या कांबीतून उष्णता कशी सरकते याचा विचार करणाऱ्या त्या माणसाने जे हत्यार घडविले, तेच आज प्रत्येक मोबाईलच्या पोटात सेकंदाला असंख्य वेळा चालते. अकरावीत जे त्रिकोणमितीचे पाठ मुले नाइलाजाने घोकतात, त्यांतील 'साइन' आणि 'कोसाइन' म्हणजे हीच नितळ लहर. पदवीच्या दुसऱ्या वर्षी, गणिताच्या ज्या तिसऱ्या विषयाला मुले धाकाने 'एम-थ्री' म्हणतात, त्यात फूरिए पुन्हा भेटतो. अकरावीत ज्याने त्रिकोणमिती टाळली त्याला तेथे आधार उरत नाही.

पुढची पायरी मोजण्याची आहे. आवाज तारेतून जसाच्या तसा न पाठविता त्याचे ठराविक अंतराने नमुने घ्यावयाचे आणि ते आकड्यांत मांडून पाठवावयाचे, ही आजची रीत. नमुने किती वेळा घ्यावेत? लाटेत जी सर्वांत जलद कंपने आहेत त्यांच्या निदान दुप्पट वेळा, असे गणित सांगते. दूरध्वनीवर माणसाचा आवाज सेकंदाला सुमारे ३,४०० कंपनांपर्यंतच पाठवितात. म्हणून थोडी सवड ठेवून सेकंदाला ८,००० नमुने घ्यावयाचे ठरले, प्रत्येक नमुना आठ द्विमान अंकांत लिहावयाचा ठरला, आणि आठ गुणिले आठ हजार म्हणजे सेकंदाला ६४,००० द्विमान अंक, अर्थात बिट, हे दूरध्वनीच्या एका संभाषणाचे जागतिक माप झाले. दहावीच्या मुलीलाही तोंडी करता येईल असा हा गुणाकार आहे, आणि मी तो तिच्याकडून करवून घेतला.

एखाद्या वाटेवरून सेकंदाला जास्तीत जास्त किती बिट बिनचूक नेता येतील, याला काही मर्यादा आहे की नाही, हा प्रश्न अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करणाऱ्या क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली सोडविला. त्यांचे सूत्र शब्दांत सांगावयाचे तर असे: वाटेची रुंदी घ्यावी, संदेशाची शक्ती गोंगाटाच्या किती पट आहे ते पाहावे, त्यात एक मिळवावा, त्या संख्येचा दोन या पायावरील लॉगॅरिदम काढावा, आणि रुंदीने गुणावे. गोंगाट वाढला की क्षमता घटते. शक्ती दुप्पट केली म्हणून क्षमता दुप्पट होत नाही, कारण मध्ये लॉगॅरिदम उभा आहे. जत्रेच्या गर्दीत एकाने दुप्पट मोठ्याने ओरडून दुप्पट शब्द पोचत नाहीत, हा जोतिबाच्या डोंगरावर चैत्र यात्रेला गेलेल्या प्रत्येकाचा अनुभव. शॅनन यांनी त्याचे माप काढले. आणि लॉगॅरिदम मुलांना भेटतो तो पुन्हा अकरावीच्याच पुस्तकात.

संभाव्यतेचेही तेच. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील गणितज्ञ एर्लांग यांना असा प्रश्न पडला की गावात हजार दूरध्वनी असले तरी सगळे काही एकाच वेळी बोलत नाहीत, मग तारा किती ओढाव्यात म्हणजे खर्चही वाचेल आणि गिऱ्हाइकाला खोळंबावेही लागणार नाही? १९०९ साली त्यांनी या विषयावर जो निबंध लिहिला, त्यातून रांगांचे एक शास्त्रच उभे राहिले. बारावीला फाशांचे आणि पत्त्यांचे जे प्रश्न मुले सोडवितात, त्यांचाच हा प्रौढ अवतार.

भौतिकशास्त्राची कथा अधिक डोळ्यांसमोर येणारी आहे. काचेच्या केसाएवढ्या तंतूत सोडलेला प्रकाश बाहेर का निसटत नाही, तर पूर्ण आंतरिक परावर्तनामुळे. पाण्याच्या पेल्यातून तिरपे पाहिल्यावर पृष्ठभाग आरशासारखा चकाकतो त्याच नियमामुळे. या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. कोल्हापुरापासून मुंबई चारशे किलोमीटरांच्या आसपास. तेव्हा भागाकार करून पाहिला तर आपला संदेश दोन सहस्रांश सेकंदात मुंबईस पोचावा. प्रत्यक्षात पडद्यावर चित्र उमटायला त्याहून कितीतरी अधिक वेळ लागतो. हा जादा वेळ वाटेतल्या यंत्रांत, त्यांच्या रांगांत आणि वळणांत कोठे आणि का जातो, हे शोधणे म्हणजेच संगणकजालाचा अभ्यास. हे सांगितले तेव्हा त्या मुलीने जीवशास्त्राचा विषय पुन्हा काढला नाही.

येथे नावांचा एक गोंधळ दूर करावयास हवा. दूरसंचार आणि संगणकजाल ही दोन निरनिराळी कुळे होती. दूरध्वनीच्या जुन्या पद्धतीत दोन माणसे बोलू लागली की त्यांच्यामध्ये एक अखंड वाट राखून ठेवली जाई. ते गप्प बसले तरी ती वाट दुसऱ्या कोणास मिळत नसे. संगणकांच्या पद्धतीत संदेशाचे लहान लहान तुकडे करून, प्रत्येकावर पत्ता घालून, ते मोकळे सोडतात आणि पलीकडे पुन्हा जुळवितात. थोडक्यात, एक जण सबंध आगगाडी भाड्याने घेतो, तर दुसरा टपालपेटीत पत्रे टाकतो. पुढे टपालाची पद्धत जिंकली आणि दूरध्वनीचा आवाजदेखील तुकड्यांतून जाऊ लागला, तशी ही कुळे एकत्र आली. म्हणून आज संगणकजालाचा विषय दोन्ही शाखांत शिकवितात: संगणक अभियांत्रिकीत तो पत्ते, नियम आणि आज्ञावली यांच्या बाजूने येतो, तर इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचारात तो तार, लहर, आकाशक म्हणजे अँटेना, आणि विद्युत्शक्ती यांच्या बाजूने येतो. दोन्ही पदव्यांची अर्हता सारखीच आहे. ज्याला यंत्र उघडून आत पाहावेसे वाटते त्याने इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचाराकडे जावे, असा माझा सल्ला असतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांच्या पुढे चढली आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस पाण्याखाली राहिला. अशा वेळी वीज गेल्यावर मनोरा किती तास तग धरतो, तो बॅटरीवर असतो की डिझेलवर, त्याला जोडणारी तार जमिनीतून जाते की लहरींचा दुवा हवेतून जातो, हे प्रश्न नुसत्या आज्ञावलीचे उरत नाहीत.

संगणकांच्या जगात तुकड्यांच्या वाहतुकीचे जे सामाईक नियम आज इंटरनेटच्या मुळाशी आहेत, ते अमेरिकेतील मूळ जालावर १ जानेवारी १९८३ या दिवशी अमलात आले. हे साल आमच्या भागालाही निराळ्या कारणाने स्मरणीय आहे. त्याच वर्षी सांगलीचे वसंतदादा पाटील पुन्हा राज्याचे मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या शासनाने विनाअनुदान तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी देण्याचे धोरण स्वीकारले. त्यापूर्वी या मुलखातील मुलाला अभियंता व्हावयाचे तर सांगलीचे १९४७ साली निघालेले, पुढे वालचंद यांचे नाव धारण केलेले महाविद्यालय, कराडचे १९६० चे शासकीय महाविद्यालय, नाहीतर पुणे-मुंबई, एवढ्याच वाटा होत्या, आणि जागा मोजक्या. १९८३ मध्ये कोल्हापुरात केआयटी, इस्लामपूरजवळ साखराळ्यास राजारामबापूंच्या नावाची संस्था, आणि पाठोपाठ १९८४ मध्ये कसबा बावड्यास डी. वाय. पाटील महाविद्यालय अशी महाविद्यालये उभी राहिली. या धोरणाने शिक्षण महाग केले हा आक्षेप खरा आहे आणि तो मी नाकारीत नाही. पण उसाच्या पट्ट्यातील शेतकऱ्याचा मुलगा, आणि पुढे मुलगीही, घरची भाकरी बांधून घेऊन सायंकाळी परत येता येईल एवढ्या अंतरावर अभियांत्रिकी शिकू लागली, हेही तितकेच खरे आहे. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते उद्घाटन झालेले आणि इतिहासकार आप्पासाहेब पवार यांनी पहिले कुलगुरू म्हणून घडविलेले शिवाजी विद्यापीठ या महाविद्यालयांचे पालक झाले. त्याच्या आवारातही इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र आणि तंत्रज्ञान यांचे स्वतंत्र अधिविभाग आहेत.

आता अर्हतेच्या दुसऱ्या अर्ध्याकडे, म्हणजे कागदपत्रांकडे वळतो. गुण असूनही कागद नसल्यामुळे हुकलेल्या जागा मी पाहिल्या आहेत, आणि त्या दुःखाला तोड नाही. शाळा सोडल्याचा दाखला, वय-राष्ट्रीयत्व-अधिवासाचे प्रमाणपत्र, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, राखीव प्रवर्गातून अर्ज करावयाचा तर जातीचा दाखला, इतर मागास आणि तत्सम प्रवर्गांसाठी मुदतीत असलेले नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र, आणि या सर्वांहून वेळखाऊ म्हणजे जातवैधता प्रमाणपत्र. हे शेवटचे जात पडताळणी समिती देते, आणि त्यासाठी इतर मागासवर्गीय अर्जदाराला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे, विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या अर्जदाराला २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे, आणि अनुसूचित जातींच्या अर्जदाराला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे पुरावे दाखवावे लागतात. आजोबांच्या, पणजोबांच्या प्राथमिक शाळेतील नोंदवहीचा उतारा, जन्ममृत्यूच्या रजिस्टरातील नोंद, जुना सातबारा किंवा फेरफार अशा दस्तऐवजांचा शोध राधानगरी, भुदरगड, शाहूवाडीच्या वाड्यांवस्त्यांतून सुरू होतो. कित्येकदा ती नोंद मोडी लिपीत सापडते आणि मग मोडी वाचणारा गाठावा लागतो. हा शोध चार दिवसांत होत नाही. अकरावी किंवा बारावी विज्ञान शाखेत शिकत असतानाच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत या प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. ज्यांनी अकरावीतच तो केला त्यांचे पालक पुढे जुलैमध्ये शांत झोपतात.

या दाखल्यांचा कोल्हापुरात तरी कोणी कंटाळा करू नये असे मला मनापासून वाटते. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखण्याचा जो हुकूम काढला, १९०१ पासून एकेका समाजाच्या विद्यार्थ्यांसाठी या नगरात जी वसतिगृहे उभी केली, आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याची जी पावले उचलली, त्यांचे दूरचे पडसाद आजच्या प्रवेशाच्या प्रत्येक कलमात ऐकू येतात. वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यांना शिक्षणशुल्काची निम्मी रक्कम देणारी शिष्यवृत्ती त्यांच्याच नावाने चालते. मंजूर जागांवर शेकडा पाच अधिक जागा शिक्षणशुल्क माफीच्या असतात आणि त्यांनाही आठ लाखांचीच मर्यादा आहे. आणि २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, त्याच उत्पन्नमर्यादेतील मुलींचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क, केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतल्यास, पूर्ण माफ आहे. ही शेवटची गोष्ट त्या मुलीच्या आईला ठाऊक नव्हती; तिने ती माझ्याकडून दोनदा वदवून घेतली.

सीमाभागाचे एक कलम मला विशेष जिव्हाळ्याचे वाटते. निपाणी, बेळगाव, खानापूर या वादग्रस्त सीमाप्रदेशातील मान्यताप्राप्त शाळेतून वा महाविद्यालयातून दहावी-बारावी झालेल्या आणि मराठी मातृभाषा असलेल्या उमेदवाराला महाराष्ट्रातील प्रवेशासाठी पात्र धरणारा एक स्वतंत्र प्रकार नियमांत ठेवलेला आहे. ज्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये ठराव केला, तेथील मुलाला कागदोपत्री आपला मानणारी ही ओळ आहे. निपाणीहून कोल्हापूर एका तासाच्या आत येते. ही तरतूद तेथील घरांत पोचलेली असावी.

ज्यांची घाई वेगळी आहे, किंवा ज्यांना हाताने काम करता करता शिकणे मानवते, त्यांच्यासाठी दुसरी वाट तंत्रनिकेतनाची. दहावीला निदान ३५ टक्के गुण असले की पदविकेच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास अर्ज करता येतो, आणि पदविकेत ४५ टक्के, राखीव प्रवर्गास ४० टक्के, मिळवून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळविता येतो. त्यासाठी मंजूर जागांच्या शेकडा दहा जागा वेगळ्या असतात. बारावीला गणित घेतलेल्या विज्ञान पदवीधरांनाही हा दरवाजा उघडा आहे, मात्र त्यांना पहिल्या वर्षाचे अभियांत्रिकी आलेखन आणि यांत्रिकी हे विषय मागाहून उत्तीर्ण व्हावे लागतात. पदविकेचे विद्यार्थी प्रयोगशाळेत इतरांच्या पुढे असतात, हे मी पाहिलेले आहे. डाग देण्याची सळई हातात धरताना त्यांचा हात कापत नाही. पण पहिल्या वर्षाचे दोन गणित-विषय त्यांच्या वाट्याला आलेले नसतात आणि 'एम-थ्री'त ते एकदम खोल पाण्यात उतरतात. या मुलांनी पदविकेच्या शेवटच्या उन्हाळ्यात बारावीचे कलन नीट करून घ्यावे. अर्हता तसे मागत नाही, विषय मागतो.

प्रवेशानंतर पदवीची स्वतःची गणना सुरू होते, आणि ती आता वर्षांपेक्षा 'क्रेडिट'मध्ये, म्हणजे श्रेयांकांत, होते. आठवड्याला एक तासाचे व्याख्यान सबंध सत्रभर ऐकले की एक श्रेयांक. प्रयोगशाळेत मात्र दोन तास घालविले की एक. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमाने चार वर्षांची पदवी १६० श्रेयांकांची धरली आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर राज्यात ही मर्यादा १६० ते १७६ अशी ठेवण्यात आली. त्यांत पहिल्या वर्षाचे गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र असते. मग विद्युत्मंडले, अंकीय इलेक्ट्रॉनिक्स, संकेत व प्रणाली, विद्युत्चुंबकीय लहरी. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास संगणकजाले. शेवटी प्रकल्प आणि उद्योगातील प्रशिक्षण. वर्षाअखेरीस मध्येच थांबावे लागले तर कमावलेल्या श्रेयांकांवर प्रमाणपत्र वा पदविका घेऊन बाहेर पडण्याची आणि पुढे परत येण्याची व्यवस्था नव्या धोरणात आहे. एखादा विषय राहिला तर तो मागे ठेवून पुढच्या वर्षात जाऊ देणारी 'एटीकेटी' आहेच, पण ती हक्क म्हणून नव्हे, अडचणीतली सोय म्हणून वापरावी.

संगणकजालाच्या प्रयोगशाळेत पहिल्या आठवड्यात मुले पत्त्यांचे गणित करतात. इंटरनेटचा जुना पत्ता ३२ द्विमान अंकांचा, म्हणून एकंदर पत्ते दोनाचा ३२ वा घात, म्हणजे सुमारे ४२९ कोटी. पृथ्वीवरील माणसांपेक्षाही कमी! नवा पत्ता १२८ अंकांचा का करावा लागला, हे त्या एका घातांकावरून उमगते.

अभियांत्रिकीखेरीजही वाटा आहेत. शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात जिला सगळे 'बीसीएस' म्हणतात ती संगणकशास्त्राची पदवी आहे. बीसीए आहे, आणि तिला २०२४ पासून राज्यात वेगळी सामाईक परीक्षा द्यावी लागते. भौतिकशास्त्र वा इलेक्ट्रॉनिक्स घेऊन विज्ञानाची पदवी, मग इलेक्ट्रॉनिक्सची एम.एस्सी. ही शांत आणि सखोल वाट आहे. बीसीए करून पुढे एमसीएला जाऊ पाहणाऱ्यांचीही गणित तेथे वाट पाहत असते. एम.टेक.साठी गेट परीक्षा. शहरातील खाजगी वर्गांच्या पाट्यांवर जी 'सीसीएनए' ही अक्षरे दिसतात, ती सिस्को या कंपनीच्या प्रमाणपत्राची आहेत. नोकरीत त्याचा उपयोग होतो, पण ते तीन वर्षांनी कालबाह्य होते, आणि कोणत्याही विद्यापीठात ते पदवीच्या जागी चालत नाही. पदवीच्या तिसऱ्या वर्षी ते जोडीला घ्यावे, पदवीऐवजी घेऊ नये.

त्या मुलीचा प्रश्न शेवटी तिसऱ्या विषयापाशी येऊन थांबला. कनिष्ठ महाविद्यालयांत 'बायफोकल' म्हणून ओळखला जाणारा २०० गुणांचा एक व्यवसाय विषय असतो. तो घेतला की दुसरी भाषा आणि जीवशास्त्र सोडता येते, आणि इंग्रजी, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित हे चार तेवढे उरतात. त्यात इलेक्ट्रॉनिक्सही मिळते आणि संगणकशास्त्रही. कोणते घ्यावे, यावर मायलेकींचे पुष्कळ बोलणे झाले. पुढच्या सोमवारी ती अर्जाची छापील प्रत दाखवायला आली, तेव्हा गणिताच्या खाली इलेक्ट्रॉनिक्स लिहिलेले होते, आणि आईच्या हातातील पिशवीत तिच्या आजोबांच्या शाळेतील नोंदवहीचा उतारा होता. त्यावरची मोडी तिला वाचून हवी होती.